रिमवरचा टायर आणि भट्टीतील गंधक

जालना जसे बियाण्यांसाठी, तसेच बांधकामाच्या सळईसाठीही ख्यातनाम आहे. येथील एमआयडीसीतील इंडक्शन भट्ट्या भंगार व स्पंज आयर्न वितळवून बिलेट ओततात आणि रोलिंग मिल त्यांच्या सळया करतात. भंगारात ट्रक-ट्रॅक्टरांची जुनी चाके आली की त्यांवरील टायर उतरवणे आधी उरकावे लागते. कोणाच्या दप्तरी ज्याची दखल नाही अशा या कामावर सळईची प्रत आणि मजुराचा जीव अशा दोहोंचा भार आहे.

रबर भट्टीत जळूनच जाईल, मग ही तसदी कशाला, असा विचार करणाऱ्याने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. चार्ल्स गुडइयरने 1839 मध्ये रबर व गंधक एकत्र तापवून ज्या चिवटपणाचा शोध लावला, तो चिवटपणा देणारे गंधकच पोलादास बाधते: लोखंडाशी संयोग पावून ते कमी तापमानास वितळणारे संयुग घडवते आणि तप्त धातू रोलखाली येताच त्यास चिरा पडू लागतात. म्हणूनच भारतीय मानक 1786 नुसार फे 500 सळईत गंधक 0.055 टक्क्यांहून अधिक असता कामा नये, आणि ते काढून टाकण्याची इंडक्शन भट्टीची शक्ती तोकडी असल्याने ते आत जाऊच न देणे श्रेयस्कर.

टायर उतरवण्याची युक्ती त्याच्या कडेत आहे. त्या कडेच्या आत पोलादी तारांचे कडे असते. ते ताणले जात नाही, म्हणून बळाने ओढणे व्यर्थ. कड रिमपासून सुटी करून एका बाजूस रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबली, म्हणजे समोरच्या बाजूस तेवढीच ढील मिळते आणि पहारीने ती काठावरून बाहेर येते. जुन्या ट्रकांच्या अनेक-तुकडी रिमला मात्र लॉक रिंग असते, आणि टायरमध्ये हवा शिल्लक असता ती निसटली तर समोरच्या माणसाचा प्राण घेण्याइतक्या वेगाने उडते. यास्तव व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्णपणे सोडल्याखेरीज घणाला हात लावू नये.

याहून भीषण म्हणजे टायर चढलेल्या रिमवर गॅस कटर चालवणे. हवा सोडलेली असली तरी उष्णतेने आतील रबराचे विघटन होऊन ज्वलनशील वायू साठतो आणि स्फोट होतो. हे काम रोज करणाऱ्यास अपघात होईपर्यंत ते सुरक्षितच भासते. टायर पेटवून रिम मोकळी करणे हाही मार्ग नव्हे, कारण त्याचा काळा धूर वस्तीच्या फुप्फुसांत जातो. उतरवलेल्या टायरांची वासलात लावण्याची जबाबदारी केंद्र सरकारच्या जुलै 2022 च्या अधिसूचनेने टायर उत्पादकांवर व आयातदारांवर टाकली आहे, आणि नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे तो माल पोहोचवण्याची तजवीज भंगार व्यापाऱ्याने करावी हे उचित.

भंगारवाड्याच्या मुकादमांस माझी कळकळीची विनंती आहे, की टायर रिमवरून पूर्णपणे उतरल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज त्यांनी कोणाच्याही हाती कटर देऊ नये.