कसोटीची रात्र

दक्षिण आफ्रिकेत एके काळी प्रत्येक मनुष्याचा वंश सरकारी दप्तरात नोंदला जाई. १९५० साली तसा कायदाच झाला होता. एखाद्याच्या वंशाविषयी संशय आला, तर कित्येकदा अधिकारी त्याच्या केसांत पेन्सिल खोवून पाहत. ती गळून पडली तर मनुष्य गोरा. अडकून राहिली तर नव्हे! मुलांनो, अशा नोंदीवरून त्याची शाळा, त्याची वस्ती आणि त्याचा मताधिकारही ठरत असे.

देशांतर्गत लढा, कामगारांचे संप आणि परराष्ट्रांचा आर्थिक बहिष्कार यांनी अखेर ही राजवट जेरीस आली. २ फेब्रुवारी १९९० रोजी अध्यक्ष डी क्लर्क यांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवरील बंदी उठविली. नऊ दिवसांनी नेल्सन मंडेला २७ वर्षांच्या कारावासातून मुक्त झाले. १९९१ मध्ये वंशनोंदणीचा कायदा रद्द झाला, आणि १९९२ मध्ये गोऱ्या मतदारांपैकी शेकडा ६८ हून अधिकांनी वाटाघाटींस संमती दिली.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. १० एप्रिल १९९३ रोजी तरुणांचे लाडके पुढारी ख्रिस हानी यांची त्यांच्या घरापुढेच एका गोऱ्या मारेकऱ्याने हत्या केली. सारा देश संतापाने पेटला. आता यादवी माजणार, अशी धास्ती सर्वांना वाटू लागली. त्या रात्री मंडेला दूरचित्रवाणीवरून बोलले. ते काही देशाचे अध्यक्ष नव्हते. त्यांना अद्याप साधे मतही देता येत नव्हते! तथापि लोकांना आवरण्याचे सामर्थ्य त्यांच्याच शब्दांत होते. मारेकऱ्याच्या मोटारीचा क्रमांक हानींच्या एका शेजारणीने तत्परतेने पोलिसांना कळविला होता, आणि तीही गोरीच होती. नेमकी हीच गोष्ट मंडेलांनी त्या संतप्त जनतेपुढे ठेवली.

काही ठिकाणी दंगली झाल्या, माणसे दगावली. पण वाटाघाटी तुटल्या नाहीत. उलट तीन महिने लोटण्याच्या आत निवडणुकीचा दिवसही मुक्रर झाला.

२७ एप्रिल १९९४ रोजी मतदान केंद्रांपुढे लांबच लांब रांगा लागल्या. पूर्वी एका बाकावर बसण्यासही ज्यांना मनाई होती, ते गोरे आणि काळे त्या रांगांत एकामागे एक तासन् तास उभे राहिले. अक्षरओळख नसलेल्यांसाठी मतपत्रिकेवर पुढाऱ्यांची छायाचित्रे छापली होती. मंडेलांनी दरबाननजीकच्या ओह्लांगे येथील शाळेत मतदान केले. गांधीजींचा फिनिक्स आश्रम तेथून फार दूर नाही. त्या दिवशी मंडेलांचे वय ७५ वर्षांचे होते, आणि ते त्यांच्या आयुष्यातील पहिलेच मत होते.