जुन्या गाडीतलं पाणी कुठे जातंय? कूलंटची गळती शोधायची आणि थांबवायची सोपी पद्धत

मित्रांनो, आमच्या घाटनांदूरमध्ये पंधरा-वीस वर्षं जुन्या गाड्या आजही रोज धावतात. कुणी अंबाजोगाईला दवाखान्यात जातं, कुणी परळीला बाजाराला. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, रस्ता बालाघाटच्या चढ-उतारांचा, आणि मग एक वाक्य हमखास ऐकू येतं: "गाडी पाणी पितेय." पण गाडी पाणी पीत नसते. कूलिंग सिस्टीम ही बंद व्यवस्था आहे, त्यामुळे पाणी पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर ते कुठून तरी बाहेर जातंय. ते कुठून जातंय हे कसं शोधायचं, ते आज पाहूया.

आधी समजून घ्या: हा खेळ दाबाचा आहे

वॉटर पंप कूलंट इंजिनभर फिरवतो. इंजिन साधारण 82 ते 88 अंशांपर्यंत तापलं की थर्मोस्टॅट उघडतो, कूलंट रेडिएटरमध्ये जातं, थंड होतं आणि परत येतं. रेडिएटरच्या झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा छापलेला असतो. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त झाल्यावर झाकण उघडणार, ते तो सांगतो. 0.9 च्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा जवळपास 118 अंशांना उकळतं. त्यात कूलंट मिसळलेलं असेल तर आणखी वर.

म्हणजे गळतीमुळे नुसतं पाणीच जात नाही, दाबही जातो. दाब गेला की पाणी 100 अंशांच्या आसपासच उकळतं, वाफ होते, आणि वाफ इंजिनची उष्णता नीट ओढून घेऊ शकत नाही. ॲल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. त्यामुळे जास्त तापल्यावर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. थोडक्यात, छोट्या पाइपचं काम पूर्ण इंजिन खोलण्यापर्यंत जातं.

पायरी 1: रोज सकाळी एक फोटो

कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत मोबाईलला जोडता येईल असं ओबीडी पोर्ट नसतं, त्यामुळे ॲपवर तापमान दिसणार नाही. तरीही मोबाईल कामाचा आहे. इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी सपाट जागी उभी करून, कूलंटच्या प्लास्टिक बाटलीचा फोटो काढा. जागा तीच, वेळ तीच. सोबत किलोमीटरचाही एक फोटो घ्या. चार दिवसांचे फोटो शेजारी-शेजारी ठेवले की पाणी उभ्या गाडीत कमी होतंय की चालवल्यावर, हे लगेच कळतं.

पायरी 2: रात्री पुठ्ठा, सकाळी टॉर्च

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा टाका आणि चाकांच्या जागा त्यावर पेनाने आखा. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. हिरवा किंवा लाल, चिकट, गोडसर वासाचा डाग कूलंटचा. स्वच्छ, बिनवासाचं पाणी पुढच्या सीटच्या खाली पडलं असेल तर ते बहुतेक एसीचं, त्याची काळजी नको.

थेंब पडतो तिथेच गळती असेल असं नाही. पाणी पाइपवरून घरंगळत येतं, पंख्याच्या वाऱ्याने मागे उडतं. म्हणून मोबाईलची टॉर्च लावून खालून वर माग काढा. डोकं जात नाही तिथे हात घालून व्हिडिओ काढा. इंजिन बंदच हवं, आणि इलेक्ट्रिक पंखा असेल तर हात घालण्याआधी बॅटरीची तार काढा. गरम भागावर थेंब लगेच सुकतो, पण पांढरा किंवा हिरवट डाग मागे राहतो. या जागा नीट बघा: पाइपांची टोकं आणि क्लिपा, रेडिएटरच्या जाळीचा टाकीशी असलेला जोड, आणि वॉटर पंपाखालचं बारीक भोक. पंपाचं सील गेलं की पाणी याच भोकातून झिरपतं.

पायरी 3: प्रेशर टेस्ट

दिसत काहीच नाही, तरी पाणी कमी होतंय? मग गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून मागा. थंड इंजिनवर, रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावरच्या आकड्याइतका दाब देतात आणि दहा-पंधरा मिनिटं थांबतात. काटा खाली आला तर गळती आहे. झाकणही त्याच पंपावर तपासता येतं.

आमच्या 2003 सालच्या गाडीतून आईला दर आठवड्याला अंबाजोगाईला न्यावं लागतं. पाणी रोज कमी व्हायला लागलं तेव्हा एका ठिकाणी सांगितलं, "हेड गॅसकेट गेलं, इंजिन खोलावं लागेल." मी आधी प्रेशर टेस्टचा हट्ट धरला. काटा उतरला आणि दोन मिनिटांत पंपाखालच्या भोकातून थेंब यायला लागले. पंप बदलला, इंजिन खोलावं लागलं नाही.

हेड गॅसकेटचा संशय कधी घ्यायचा?

बाहेर थेंबही नाही, पण इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहतो. थंड इंजिन सुरू करताच वरचा पाइप दगडासारखा कडक होतो. ऑइल कॉफीत दूध घातल्यासारखं दिसतं. यातली एकापेक्षा जास्त लक्षणं असतील तर गाडी चालवू नका. आणि पायाखालची मॅट ओली, काचेवर चिकट धुकं, गोड वास असेल, तर गळती केबिनमधल्या हीटरची असते.

दुरुस्ती काय करायची?

- झाकण: रबर कडक झालं असेल तर बदला. सगळ्यात स्वस्त काम हेच. आकडा मात्र तोच हवा.
- पाइप: फुगलेला, चिरलेला किंवा दाबल्यावर कुरकुरणारा पाइप बदला. क्लिप अति आवळली तर रबर कापतं.
- रेडिएटर: तांबं-पितळेचा असेल तर डाग देऊन दुरुस्त होतो. ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी असेल तर तडा गेल्यावर बदललेलाच बरा. एम-सील गावापर्यंत पोचवेल, वर्षभर टिकणार नाही.
- वॉटर पंप: तो टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्टही तेव्हाच बदला. मजुरी एकदाच लागते.

रेडिएटरमध्ये हळद टाकायचा जुना ड्रायव्हरी उपाय तुम्ही ऐकला असेल. पूड पाण्यात फुगते आणि बारीक भोकात अडकते. पण तीच पूड रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही अडकते. रानात अडकलात तरच वापरा आणि नंतर सिस्टीम धुऊन घ्या.

बोअरचं पाणी नको

आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं. हंड्याला आतून जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. बॅटरीचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं मिसळा. तयार मिश्रणाचा डबा असेल तर त्यात पाणी घालू नका.

भरताना इंजिन थंड, झाकण उघडं आणि हीटर फुल ठेवा. मग इंजिन सुरू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत बुडबुडे निघू द्या, पातळी भरा, झाकण लावा. जुनं कूलंट चवीला गोड पण विषारी असतं. ते उघड्यावर ओतू नका, कुत्री पितात. लहान मुलांपासूनही लांब ठेवा.

रस्त्यात काटा चढला तर?

एसी बंद करा, हीटर फुल करा, बाजूला थांबून इंजिन बंद करा. झाकणाला हात लावू नका, आतलं उकळतं पाणी तोंडावर उडतं. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा पाइप मऊ आणि थंड लागला की मगच कापड धरून झाकण हळू उघडा. गरम इंजिनात थंड पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो.

तर मित्रांनो, उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी बाटलीचा पहिला फोटो काढा. घरात कुणाची जुनी गाडी असेल तर त्यांनाही हा लेख पाठवा. गळती गावात सापडली तर दुरुस्ती स्वस्तात होते, घाटात सापडली तर इंजिनच जातं.