गेटवर कुणाला भेटू?

निकाल लागले की नगर जिल्ह्यातल्या डिप्लोमा आणि आयटीआयच्या पोरांचे फोन वाजायला लागतात. नोकरीच्या ॲपवर बायोडेटा टाकलेला असतो, त्यावर मोबाइल नंबर असतो आणि अनोळखी आवाज सांगतो, "आपका रिज्यूमे शॉर्टलिस्ट हुआ है." नगरजवळच्या एका पॉलिटेक्निकच्या प्लेसमेंट विभागात मी हे फोन ऐकत बसलो होतो. तिथले प्लेसमेंट अधिकारी (टीपीओ) सर पोराला फोन स्पीकरवर टाकायला लावतात आणि स्वतः एक शब्द न बोलता ऐकतात.

खोटा फोन ओळखायच्या ज्या खुणा सगळीकडे सांगितल्या जातात, त्या नगर-पुणे रस्त्यावर फारशा चालत नाहीत. कंपनीच्या नावाचा ईमेल नाही, खासगी मोबाइलवरून फोन आला, पत्र नाही, बोलणं धड नाही, म्हणजे फसवणूक, असं शहरात म्हणता येईल. पण सुपा किंवा रांजणगावच्या एमआयडीसीत ऑपरेटर-हेल्परची बरीच भरती कॉन्ट्रॅक्टरमार्फत होते. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस स्वतःच्याच मोबाइलवरून बोलतो. मागे मोटारसायकलींचा आवाज असतो. "उद्या साडेआठला दोन नंबर गेटवर ये. आधार, पासबुक, दोन फोटो आण. बूट घालून ये, चप्पल चालणार नाही." एवढं बोलून फोन बंद. हा फोन खरा असतो. उलट रंगीत लेटरहेड, गोल शिक्का आणि तीन सह्या असलेलं पत्र व्हॉट्सॲपवर घरबसल्या आलं की सर चष्मा काढून ठेवतात.

एका दुपारी लागोपाठ दोन फोन आले. पहिला पुण्याच्या कन्सल्टन्सीतल्या मॅडमचा. व्हीएमसी मशीनवर एक वर्ष काढलेल्या पोराला त्यांनी विचारलं, "ऑपरेटिंग करतोस का सेटिंगपण येतं?" पोरगं म्हणालं, सेटिंग थोडं येतं. "कंट्रोल कुठला? फॅनुक का सीमेन्स? ऑफसेट कोण घेत होतं, तू का सेटर?" पोरगं अडखळलं. पुढे हातात पगार किती, आधीची कंपनी का सोडली, रात्रपाळी चालेल का, रांजणगावात राहायची सोय आहे का. शेवटी "कळवते" म्हणून मॅडमनी फोन ठेवला. पोराचं तोंड उतरलं. सर मात्र खूश. "खरा फोन आहे. ती तुला गाळायला बसली होती."

दुसरा फोन याच्या अगदी उलट. नावाजलेल्या मोटार कंपनीचं नाव, पगार अठ्ठावीस हजार, राहणं-जेवण फुकट, आणि पोराला एकही प्रश्न नाही. कोणता ट्रेड, किती टक्के, मशीन कुठली, काही नाही. "बधाई हो" मात्र तीनदा झालं. मग दीड हजार रुपये रजिस्ट्रेशन, तेही "रिफंडेबल", आणि आज संध्याकाळपर्यंतच, कारण जागा दोनच उरल्यात. सरांनी खूण केली तसं पोरानं विचारलं, "मॅडम, सुप्याच्या प्लांटला उद्या सकाळी येतो. गेटवर कुणाला भेटू?" पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर आलं, सिक्युरिटीमुळे परवानगी नाही, आधी फी भरा. पोरानं तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा फोन कट झाला.

या पोराला पत्रही आलं होतं. त्यावर पत्ता होता "एमआयडीसी, सुपा, पुणे" आणि पिनकोड ४११ ने सुरू होणारा. सुपा पारनेर तालुक्यात, म्हणजे आपल्या जिल्ह्यात, आणि तिथला पिन ४१४ ने सुरू होतो. (जिल्ह्याचं नाव अहमदनगर लिहिलंय की अहिल्यानगर, यावर मात्र जाऊ नये. २०२४ मध्ये नाव बदललं तरी खऱ्या कंपन्यांच्या कागदांवर जुनं नाव अजून दिसतं.) पैसे मागायला पाठवलेला क्यूआर कोड सरांनी स्कॅन केला. रक्कम भरण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं. कंपनीच्या जागी तिथे कुणा एका माणसाचं नाव होतं.

कन्सल्टन्सीचा धंदा कसा चालतो हे पोरांना कुणी सांगत नाही. माणूस लागला की कन्सल्टंटला फी कंपनी देते. साधारण दर वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार. चुकीचा माणूस पाठवला तर त्याचीच पत जाते, म्हणून तो प्रश्न विचारून भंडावतो. जो उमेदवाराच्याच खिशावर जगतो त्याला प्रश्नांची गरज नसते.

पैसे मागितले की फसवणूक, हा नियमही इथे जरा बारकाईनं लावावा लागतो. सेफ्टी शूज आणि ड्रेसचे पैसे काही कॉन्ट्रॅक्टर खरोखर कापतात, पण ते पहिल्या पगारातून. ही पद्धत मला पटत नाही, तरी ती फसव्या फोनची खूण नव्हे. कामावर हजर होण्याआधी जो मागतो, तो चोर.

खात्री करायला नगरात सगळ्यात चांगली सोय म्हणजे नातेवाईक. कुणाचा तरी मावसभाऊ त्या कंपनीत असतोच. भरती चालू आहे का, हे तो चहाच्या सुट्टीत विचारून सांगतो. तो नसेल तर कॉन्ट्रॅक्टरचं नाव ईपीएफओच्या संकेतस्थळावर शोधावं. आस्थापनेची नोंद आहे का आणि किती कामगारांचा पीएफ भरला जातो, हे तिथे कळतं. सैन्यभरतीला तर कुणाला विचारायचीही गरज नाही. अग्निवीराचा अर्ज सैन्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरायचा. फोन करून भरती करून देतो म्हणणारा माणूस, मग तो नगरच्या लष्करी केंद्राचं नाव घेवो की कुणा साहेबाचं, खोटाच.

परदेशाच्या फोनमध्ये मात्र पैशापेक्षा मोठं काही जातं. थायलंडमध्ये डेटा एंट्रीचं काम म्हणून नेलेल्या तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारात डांबून लोकांना ऑनलाइन गंडवायच्या कामाला जुंपलं गेलं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणलं. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबरनं साठहून अधिक जणांच्या सुटकेची आणि दलालांच्या अटकेची माहिती दिली. परदेशी नोकरीचा एजंट १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो. त्याची नोंद ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते आणि त्याला सेवाशुल्क जास्तीत जास्त तीस हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. "आधी टुरिस्ट व्हिसावर चल, तिकडे गेल्यावर बदलून देतो" म्हणणाऱ्याशी पुढचं बोलणंच नको.

पैसे गेलेली पोरं सरांकडे येतात, पण चार-आठ दिवसांनी. घरी कळेल याची धास्ती असते. तोवर रक्कम दोन-तीन खात्यांतून फिरून काढली गेलेली असते. आईवडिलांनो, पोरानं सांगितलं तर आधी ओरडू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. त्यावर लगेच तक्रार गेली तर पैसे ज्या खात्यात गेले तिथेच अडवता येण्याची शक्यता असते. व्यवहाराचा नंबर हाताशी ठेवा आणि आधी तो फोन लावा.