हत्यार कोणाच्या हातून काढले जाते?

आमच्या जालन्याच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, २०१७ साली १२२ देशांनी अण्वस्त्रबंदीच्या करारासाठी मत दिले. २०२१ च्या जानेवारीत तो अमलात आला. मग बॉम्ब का मोडले जात नाहीत?" मी सांगितले, ज्यांच्याजवळ बॉम्ब आहेत त्यांतल्या एकानेही त्यावर सही केलेली नाही. त्याचे समाधान झाले नाही. "मग त्याला कायदा कशाला म्हणायचे?"

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. अस्पृश्यता १९५० साली संविधानाने रद्द केली आणि त्यानंतर पाणवठ्यावर काय काय घडले ते आपण जाणतो. कायदा लिहिणारा हात वेगळा असतो आणि तो राबवणारा हात वेगळा असतो. गावात हा दुसरा हात फौजदाराचा असतो. जगात तो कोणाचा आहे?

युनोच्या सनदेत त्याचे उत्तर लिहिलेले आहे. कलम ४३ प्रमाणे सभासद राष्ट्रांनी करार करून आपले सैन्य सुरक्षा समितीच्या हवाली ठेवायचे होते. असा एकही करार आजवर झाला नाही. कलम २६ प्रमाणे शस्त्रास्त्रांवर नियंत्रणाची योजना याच समितीने, पाच कायम सभासदांच्या सेनाप्रमुखांच्या मदतीने, आखायची होती. म्हणजे सर्वांत जास्त हत्यारे ज्यांच्याजवळ, त्यांनीच हत्यारे कमी करण्याचा आराखडा करायचा! शिवाय नकाराधिकारही त्यांचाच. पाटलाच्या वाड्यावर बसून पाटलाविरुद्ध पंचनामा करावा तसा हा प्रकार आहे.

याचा दाखला शोधायला फार दूर जावे लागत नाही. आपला जालना जिल्हा १९८१ साली झाला. १९४८ साली हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आमच्याकडची म्हातारी माणसे अजूनही त्या दिवसांना 'रझाकारी' म्हणतात. कासीम रझवीची ही सशस्त्र संघटना मोडून टाका, असा भारत सरकारचा आग्रह होता. निजामाने तो मानला नाही. उलट ऑगस्ट १९४८ मध्ये त्याच्या सरकारने भारताविरुद्ध सुरक्षा समितीकडे तक्रार केली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १६ सप्टेंबरला समिती पॅरिसमध्ये भरली आणि विषय पत्रिकेवर घ्यावा असे आठ सभासदांनी मत दिले. तिघे तटस्थ राहिले. दुसऱ्याच दिवशी निजाम शरण आला. त्यानंतर त्याने तक्रारही मागे घेतली. मे १९४९ मध्ये समितीत या प्रश्नावर शेवटची चर्चा झाली. निर्णय कसलाच झाला नाही.

पॅरिसला गेलेल्या निजामाच्या शिष्टमंडळात आपला एक माणूस होता, ही गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांना फारशी ठाऊक नसते. औरंगाबादेत जन्मलेले, पुढे १९६८ साली भीमसेना काढणारे बी. श्यामसुंदर. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच बजावले होते की हैदराबादच्या अस्पृश्यांनी निजामाची आणि इत्तेहादची बाजू घेऊ नये. श्यामसुंदरांनी दुसरी वाट धरली. त्यांना लबाड म्हणून निकालात काढणे मला पटत नाही. सवर्णांच्या राज्यात आपले काय होईल ही त्यांची भीती खोटी नव्हती. पण त्यांनी ज्या दारावर थाप मारली त्या दाराआड शिपाई नव्हता, हे बाबासाहेबांना दिसले होते असे मला वाटते.

रझाकारांची हत्यारे काढली ती भारतीय फौजेने. मराठवाडा मोकळा झाला, हे खरेच. पण ती हत्यारे कशी काढली गेली? नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने नोंदवले की मुसलमान गावकऱ्यांची हत्यारे फौजेने काढून घेतली आणि हिंदूंजवळची पुष्कळदा तशीच राहू दिली. पुढे जे झाले त्यात समितीच्या अंदाजाने २७ ते ४० हजार माणसे गेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत सर्वांत जास्त. हा अहवाल २०१३ पर्यंत लोकांना वाचायला मिळाला नाही. समितीने हेही लिहिले की अनेक ठिकाणी सैनिकांनी मुसलमानांना वाचवले.

माझे म्हणणे एवढेच की बळ नसलेली संस्था नि:शस्त्रीकरण करू शकत नाही, आणि बळवान ते करतो तेव्हा कोणाचे हत्यार काढायचे हेही तोच ठरवतो.

इराकमध्ये हेच दिसले. १९९१ च्या ६८७ क्रमांकाच्या ठरावाने युनोचे तपासनीस तिथे गेले. अमेरिका पाठीशी होती म्हणून दारे उघडली, आणि त्यांनी पुष्कळ साठा नष्टही केला. २००३ साली तपासनीस आणखी मुदत मागत होते तेव्हा त्याच अमेरिकेने त्यांना बाजूला सारून हल्ला केला. ज्या हत्यारांसाठी केला ती सापडली नाहीत. रासायनिक अस्त्रांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचे प्रमुख बुस्तानी यांना २००२ साली अमेरिकेच्या हट्टाने काढले गेले. सिरियाचा साठा २०१३ नंतर बाहेर निघाला तो अमेरिका आणि रशिया यांचे जमले म्हणून.

एक अपवाद मात्र मी वर्गात मुद्दाम सांगतो. दक्षिण आफ्रिकेने आपले सहा अणुबॉम्ब स्वतःच मोडले आणि १९९१ साली अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने तिथे जाऊन मोजदाद केली. अर्थात काळ्यांचे राज्य येण्याआधी गोऱ्यांनी बॉम्ब मोडले, यात नुसती शांततेची ओढ होती असे समजण्याचे कारण नाही. तरी संस्था काय करू शकते ते यातून कळते. मालकाने दार उघडले तर ती खरी मोजणी करून जगापुढे ठेवते. दार फोडणे तिच्या हातात नाही.

"म्हणजे युनोकडे जाऊच नये का?" त्या विद्यार्थ्याने पुन्हा विचारले. जावे. २००१ साली दरबानच्या वंशवादविरोधी परिषदेत आपल्या संघटना गेल्या तेव्हा जात हा अंतर्गत प्रश्न आहे असे भारत सरकार म्हणाले. १९४८ साली हैदराबादविषयीही ते हेच म्हणाले होते. अंतिम जाहीरनाम्यात जातीचे नाव आले नाही, पण दलितांचा प्रश्न जगाच्या कानावर गेला.

पुढच्या वर्गात सुंदरलाल समितीचा अहवाल वाचायचे ठरले आहे. वस्तीतल्या नव्वदीला टेकलेल्या एका आजोबांनाही बोलावले आहे. रझाकारी त्यांनी लहानपणी पाहिलेली आहे, आणि पोलीस ॲक्शननंतरचे दिवसही.