भूशास्त्रज्ञाची वाट वाकडीच का असते?

चिखली, मोशी, चाकण या पुण्याजवळच्या पट्ट्यात दहावीनंतरची वाट बहुतेक घरांत आधीच ठरलेली असते: आयटीआय नाहीतर डिप्लोमा, मग अप्रेंटिसशिप, मग कंपनी. या हिशेबात भूशास्त्र कुठेच बसत नाही. ‘दगडं बघून पोट भरतं का?’ हा पालकांचा प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्या पोटात एक समजूत दडलेली असते, की शिक्षणाची वाट वळली म्हणजे ती चुकली. भूशास्त्रात ही समजूत टिकत नाही. जमिनीचे प्रश्न महाविद्यालयातले विभाग पाहून येत नाहीत. त्यांच्यामागे जाणाऱ्याला शाखा ओलांडाव्याच लागतात.

शरद राजगुरू यांचे उदाहरण पुण्यातलेच आहे. शिक्षण भूशास्त्राचे, पण हयातीचे काम डेक्कन कॉलेजात, ह. धी. सांकलियांनी नावारूपाला आणलेल्या पुरातत्त्व विभागात. १९७० च्या त्यांच्या पीएचडी प्रबंधाचा विषय होता मुळा-मुठा खोऱ्यातले प्राचीन नदीगाळ. भूशास्त्राच्या रूढ नोकरीच्या दृष्टीने ही आडवाटच. पण दगडी हत्यार किती जुने, हे हत्यार स्वतः सांगत नाही; ते ज्या थरात सापडले तो थर सांगतो, आणि थर वाचायला भूशास्त्रज्ञच लागतो. चिखलीहून पुणे-नाशिक रस्त्याने वर गेले की जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी लागते. तिथल्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच गाळात अश्मयुगीन हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत. राजगुरूंचा सहभाग असलेल्या गटाने १९८९ मध्ये या राखेचे वय सुमारे १४ लाख वर्षे मांडले. पुढे दुसऱ्या मापनात ते ६ लाख ७० हजारांवर आले. राखेचे रसायन तपासणाऱ्यांनी तिचे नाते सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या ७५ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाशी जोडले. एका राखेसाठी गाळ, हत्यारे, रसायन आणि कालमापन जाणणारी माणसे एकत्र यावी लागली.

वर्तमानाचीही तीच गत. आपल्या पायाखाली बेसाल्टचे थरावर थर आहेत. घट्ट काळ्या पाषाणात पाणी जवळपास मुरत नाही. ते मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात साठते. म्हणून एका सोसायटीच्या बोअरला पाणी लागते आणि शेजारची कोरडी जाते. पण भेग कुठे आहे हे कळले म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. खालचे पाणी सगळ्यांचे सामाईक. कोणी किती उपसायचे, हा भांडणाचा विषय. हिमांशू कुलकर्णी यांनी बेसाल्टातल्या भूजलाचा अभ्यास केला आणि पुढे पुण्यात १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲक्वाडॅम’ या संस्थेतून ते लोकसहभाग आणि धोरणाच्या कामात उतरले. पाषाणाचा अभ्यास त्यांना गावसभेपर्यंत घेऊन गेला.

यावर पहिला आक्षेप असा, की ही यशस्वी ठरलेल्यांची नावे आहेत. वळणावर हरवलेल्यांची नोंद कोण ठेवतो? दुसरा त्याहून टोकदार: भटकायला घरात पैसा लागतो, आणि केंद्र सरकारच्या भूवैज्ञानिक भरतीच्या परीक्षेला ३२ वर्षांची सर्वसाधारण वयोमर्यादा आहे. दोन्ही आक्षेप खरे आहेत. ज्याला सरकारी नोकरीच हवी त्याने सरळ वाटेने जावे, त्यात कमीपणा नाही. मात्र वळणे घेऊनही जे टिकले, त्यांच्यात एक गोष्ट सारखी दिसते. त्यांनी क्षेत्र बदलले, पाया सोडला नाही. थर पाहणे, नकाशा काढणे, उन्हातान्हात नदीकाठ पायी धुंडाळणे हे राजगुरूंनी पुरातत्त्वात जाऊनही केले. जर्मन भूशास्त्रज्ञ गुडरुन कॉर्विनस यांनी साठच्या दशकात नेवाशाजवळ प्रवरेकाठी चिरकीला उत्खनन केले, मग इथिओपियात आणि नेपाळमध्ये काम केले. देश बदलले, पण गाळाचे थर वाचण्याचे कसब तेच राहिले.

तेव्हा वाट सरळ आहे का, या प्रश्नाने फारसे काही कळत नाही. मुलगा किंवा मुलगी भूशास्त्राला जाणार असेल तर महाविद्यालयाला विचारावे, की वर्षातून किती दिवस मुलांना प्रत्यक्ष खडकांपाशी नेता आणि नकाशा त्यांच्याच हातून काढून घेता का. तो पाया पक्का असेल तर पुढचे वळण पाण्याकडे गेले काय किंवा पुरातत्त्वाकडे, घेतलेले शिक्षण कामी येते. तो कच्चा असेल, तर सरळ वाटेवरची पदवीही कागदावरच राहते.