वृद्धनिवासातल्या पूरक गोळ्या

जीवनसत्त्व ब-१२ : रोजची गरज २.४ मायक्रोग्रॅम. वरण-भात-भाजीत ते नसते, दूध-दह्यात थोडे. उतारवयात जठरातले आम्ल घटते, मधुमेहावरचे मेटफॉर्मिनही शोषण कमी करते. शाकाहारी मराठी आजी-आजोबांसाठी ब-१२ची तपासणी सर्वांत महत्त्वाची.

जीवनसत्त्व ड : सत्तरीनंतर रोज ८०० आययू, म्हणजे २० मायक्रोग्रॅम. अमेरिकेत न्यू जर्सीतले पार्सिपनी सुमारे ४१ अंश उत्तर अक्षांशावर. थंडीतल्या तिरप्या उन्हात त्वचेत ड फारसे तयार होत नाही.

कॅल्शियम : सत्तरीनंतर आहारासह १,२०० मिलिग्रॅम. थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी.

जीवनसत्त्व के : रक्त पातळ करणारे वॉरफरिन चालू असताना प्रमाण अचानक बदलू नये.

कायदा : १९९४च्या अमेरिकी कायद्यानुसार पूरक गोळ्या औषधांत नव्हे, आहारात मोडतात, विक्रीपूर्वी एफडीएची (अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाची) मंजुरी लागत नाही. म्हणून सर्व बाटल्या, भारतातून आणलेल्याही, नर्सला दाखवाव्यात.