बुश नवे, खटखट तीच

बाबांच्या जुन्या सफारीचे मागचे बुश मागच्या वर्षी बदलले. सात महिन्यांत पुन्हा तीच खटखट आणि घाटात वळणावर मागची बाजू हलल्यासारखी. बाबा म्हणाले, "म्हातारी झाली आता, विकून टाकू." मी रबराच्या थकव्यावर पीएचडी करते आणि आमच्याच गाडीतलं रबर सात महिन्यांत फाटतं, हे मला जरा लागलंच. काढलेले बुश गॅरेजमधून मागून आणले.

या गाडीचा मागचा अख्खा एक्सल चार लांब आर्म आणि एका आडव्या रॉडने धरलेला असतो. आर्म त्याला पुढे-मागे सरकू देत नाहीत, रॉड डावीकडे-उजवीकडे. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना बुश, म्हणजे एकूण दहा. बुश म्हणजे एका नळीत दुसरी नळी, मध्ये रबर. आता महत्त्वाचं: रबर दोन्ही नळ्यांना पक्कं चिकटवलेलं असतं आणि आतली नळी बोल्टने आवळून धरलेली असते. चाक खड्ड्यात गेलं की आर्म फिरतो, पण आत काहीच घसरत नाही. रबर पिळलं जातं आणि पुन्हा सुटतं. म्हणून तर याला ग्रीस लागत नाही.

गॅरेजमध्ये काय झालं? गाडी जॅकवर, चाकं लोंबकळती, आणि त्याच अवस्थेत बोल्ट आवळले. समजा लोंबकळताना आर्म १५ अंश खाली होता. गाडी जमिनीवर आली की रबर उभ्या उभ्याच १५ अंश पिळलेलं. खड्ड्यात आणखी १० अंश फिरलं की झाले २५. बोल्ट गाडीच्या वजनाखाली आवळले असते तर १० वरच भागलं असतं. ताण अडीच पट, आणि रबरात साठणारी ऊर्जा ताणाच्या साधारण वर्गाने वाढते, म्हणजे सव्वासहा पट. भेग वाढते ती याच ऊर्जेवर.

इथे माझ्यासारखीच कुणीतरी विचारेल, पण नैसर्गिक रबराला तर थोडा कायमचा ताण मानवतो ना? बरोबर. १९४० मध्ये कॅडवेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की रबर पूर्ण सैल पडूच दिलं नाही तर ते जास्त टिकतं, कारण ताणलेल्या साखळ्या भेगेच्या टोकाशी स्फटिक बनवून तिला अडवतात. मीही यातच अडकले होते. पण त्यांच्याच निकालांत ताण फार वाढवला की आयुष्य पुन्हा घटतं. आणि आमच्या बुशांत भेग रबराच्या मध्यावर नव्हतीच. ती आतल्या नळीला चिकटलेल्या कडेवर होती. पिळताना ताण आतल्या बाजूलाच सगळ्यात जास्त असतो: त्रिज्या निम्मी, तर ताण चौपट. स्फटिक रबराला वाचवतात. चिकटवलेल्या सांध्याला त्याचा फारसा उपयोग होत नसावा, असा माझा अंदाज.

यावेळी खालचे दोन्ही आर्मच नवे घ्यावे लागले, कारण बोल्ट गंजून आतल्या नळीत जाम झाले होते. बाकीचे बुश प्रेसवर बसवले. (हातोडीने ठोकू देऊ नका, बाहेरची नळी वाकडी होते.) बोल्ट आधी नुसते हाताने लावले, गाडी चाकांवर उभी केली, मागून चार-पाच वेळा दाबून सोडली, मग खड्ड्यात उतरून आवळले. मिस्त्री वैतागले. "दादा, दहा मिनिटं जास्त लागतील फक्त," म्हटलं, तर म्हणाले, "खाली तुम्ही झोपता का?" तसं झोपलेही.

अजून एक, गाडीखाली डिझेल किंवा जुनं ऑइल मारून घेणं बंद करा. गंज थांबत असेलही, पण नैसर्गिक रबर तेल पितं, फुगतं आणि मऊ पडतं.

प्रत्येक बोल्टावरून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली आहे. बोल्ट सरकला तर रेघ तुटलेली दिसेल. बाबा दर रविवारी टॉर्च घेऊन वाकून बघतात, आणि गाडी विकायचा विषय सध्या तरी घरात निघालेला नाही.